वलंदेजी म्हणी आणि आम्ही बायका

मोटार शिकवणारे गृहस्थ स्वभावाने सज्जन होते. साठीच्या घरातले, गुबगुबीत, सदा हसतमुख. हार्लेम शहरातल्या कालव्याच्या कडेने मी प्रथमच गाडी नेत होते. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला सायकलींची रांग, आणि मधल्या चिंचोळ्या रस्त्यावर मी, वय वर्षे त्रेचाळीस! वळण घेताना अंदाज जरासा चुकला आणि चाक पदपथाच्या कडेला घासले. मास्तर हसले आणि काहीतरी यमक जुळवून बोलले. परभाषा अर्धीमुर्धी येणाऱ्या माणसाचा एक नियम असतो : समोरचा हसला की आपणही हसून मोकळे व्हायचे. त्या नियमाला अनुसरून मीही हसले.

घरी येताना ते वाक्य विसरू नये म्हणून मनातल्या मनात घोकत आले आणि शेजारच्या ओमांना म्हणून दाखवले, "व्राऊ आख्तर हेत स्त्यूर, ब्लूत आन द म्यूर."

अर्थ ओमांनीच सांगितला. आपल्याकडच्या यमकात बसवायचा तर तो असा होईल : 'बाई बसली चाकावर, रक्त उडाले भिंतीवर!'

"आणि तू काय केलंस?" ओमांनी विचारले.

"हसले."

"मीसुद्धा हसत असे," ओमा म्हणाल्या, आणि कॉफी ओतायला उठल्या.

त्या एका वाक्यामागे केवढी हकीकत दडलेली होती, हे कळायला मला पुढे वर्ष लागले. तीच हकीकत आज सांगणार आहे.

२०१८ साली ह्यांच्या नोकरीच्या निमित्ताने आम्ही हॉलंडात आलो. आपल्या जुन्या बखरींतले 'वलंदेज' ते हेच लोक. सतराव्या शतकात वेंगुर्ल्यास त्यांची वखार होती. माझे आजोळ त्या बाजूचे असल्यामुळे वखारीचे पडके अवशेष मी लहानपणी पाहिले होते. ज्यांची वखार पाहिली त्यांच्याच गावात कधीकाळी संसार थाटावा लागेल, हे मात्र स्वप्नातही आले नव्हते. 'ओमा' म्हणजे त्यांच्या भाषेत आजी. शेजारच्या बाईंना माझी मुले तशी हाक मारू लागली, आणि मुलांमागून मीही. त्यांचा जन्म १९३८ सालचा. यजमान २०१५ मध्ये गेले. एकट्या राहतात, खिडकीतली जिरेनियमची फुले जपतात, आणि मला डच भाषा शिकवतात. पुस्तकातून नव्हे, म्हणींतून.

तुकड्यातुकड्यांचे चित्र

हॉलंडातला हिवाळा लांबलचक. दुपारी साडेचारलाच दिवे लावावे लागतात. अशा संध्याकाळी ओमांच्या जेवणाच्या टेबलावर एक हजार तुकडे जुळवून पुरे करायचे चित्र पसरलेले असे. मूळ चित्र पीटर ब्रॉयगेल या थोर चित्रकाराने १५५९ साली रंगवले. ते आज बर्लिनच्या संग्रहालयात आहे. एका गावाचा देखावा आणि त्यात शंभरावर म्हणी, प्रत्येक म्हण एकेका माणसाच्या रूपात! कोणी भिंतीवर डोके आपटतो आहे, कोणी वासरू बुडून गेल्यावर विहीर बुजवतो आहे.

आम्ही दोघी एकेक तुकडा बसवत असू आणि ओमा म्हण सांगत असत. चित्राच्या ऐन मध्यभागी लाल झग्यातली एक तरुणी आपल्या नवऱ्याच्या अंगावर निळा झगा पांघरते आहे. नवऱ्याच्या डोळ्यांत धूळ फेकणारी बायको, असा त्याचा अर्थ. खाली डाव्या कोपऱ्यात एक बाई चक्क सैतानाला उशीवर करकचून बांधते आहे. म्हणजे ती इतकी कजाग, की सैतानालाही पुरून उरेल. एकीच्या एका हातात विस्तव आहे तर दुसऱ्या हातात पाणी. ती दुतोंडी. दोघीजणी सूत कातत बसल्या आहेत. त्यांचे सूत म्हणजे गावभर पसरवायच्या कंड्या.

"पुरुषसुद्धा काही कमी मूर्ख नाहीत हं या चित्रात," मी चित्रकाराची बाजू घेऊन म्हटले.

ओमांनी हातातला तुकडा तसाच धरून ठेवला. म्हणाल्या, "नीट बघ. हा भिंतीवर डोके आपटतो ना, त्याला पाहून लोक म्हणतात, माणूस असा हट्टी असतो. विहीर बुजवणाऱ्याला पाहून म्हणतात, माणसाला उशिरा शहाणपण सुचतं. आणि ही सैतानाला बांधणारी? तिला पाहून मात्र म्हणतात, बाई अशी असते!"

मी गप्प झाले. शाळेत आणि कॉलेजात मिळून सोळा वर्षे मी शिकले, पण म्हणींचे एवढे मर्म मला कोणी उलगडून दाखवले नव्हते. पुरुषाची चूक ही माणसाची चूक ठरते. बाईची चूक ही बाईची जात ठरते.

पुढे महिनाभरात त्याचा पडताळाही आला. गाडीच्या पहिल्या परीक्षेत मी नापास झाले. त्याच दिवशी एक तरुण मुलगाही नापास झाला. तो खांदे उडवून सायकलवर बसला आणि निघून गेला. तो नुसता नापास झाला होता. माझ्या कानांत मात्र ते भिंतीचे यमक वाजू लागले. मी नापास झाले नव्हते, वाचकहो. मी म्हण खरी करून दाखवली होती!

ओट्याचा हक्क

बायकांवरच्या म्हणींत डच भाषा आपल्यापेक्षा गरीब नाही. त्यांची एक म्हण आहे : बाईचे हात आणि घोड्याचे दात कधी थांबू नयेत. यमक त्यांच्याही भाषेत असेच जुळते. दुसरी एक कोटी आहे, तिच्यावर पुरुषमंडळी अजून मिश्या नसल्या तरी मिशीतल्या मिशीत हसतात. डच भाषेत 'रेख्त' म्हणजे हक्क आणि 'आनरेख्त' म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. तेव्हा बाईला 'रेख्त' एकच, तो म्हणजे 'आनरेख्त'! आपल्या 'चूल आणि मूल' या जोडगोळीची ही सख्खी मावसबहीण.

भांडखोर, तोंडाळ बाईला ते 'हायबाय' म्हणतात. शब्द प्रथम ऐकला तेव्हा कोकणातल्या कुठल्याशा 'बाय'ला कोणी हाक मारली असे वाटून मी वळून पाहिले होते. ठामपणे बोलणारी बाई दिसली की तिच्या 'दातांवर केस आहेत' असे म्हणायचे. एरवी दाढीमिशा पुरुषाला, म्हणून ठामपणाही पुरुषाचाच. तो बाईत आढळला तर केस निदान दातांवर तरी उगवले पाहिजेत!

आणि निंदेपेक्षा स्तुती अधिक मजेची. एकदा नळ दुरुस्त करणाऱ्या माणसाने बिलात भलतीच रक्कम लावली. मी मोडक्यातोडक्या भाषेत त्याच्याशी वाद घालून ती कमी करून घेतली. ओमा कौतुकाने म्हणाल्या, "शाब्बास! तू आपला 'मानेत्ये' उभा केलास." 'मानेत्ये' म्हणजे छोटा पुरुष. बाईने धीटपणा दाखवला की तिने आपल्या आतला छोटा पुरुष उभा केला, असे डच भाषा म्हणते. म्हणजे शाबासकीसुद्धा शेवटी त्या पुरुषालाच!

मी खळखळून हसले आणि फुशारकीने सांगितले, की आमच्या भाषेत याची उलटी बाजू आहे. भित्र्या पुरुषाला आम्ही विचारतो, 'हातात बांगड्या भरल्या आहेत काय?'

ओमांनी माझ्या हातांकडे पाहिले. दिवाळीच्या आधीचे दिवस होते. आईने पाठवलेल्या हिरव्या बांगड्या मी त्याच सकाळी भरल्या होत्या.

"पण तुझ्या हातात तर आहेत," त्या म्हणाल्या.

त्यांना टोमणा मारायचा नव्हता. त्यांना खरोखरच समजेना, की जी वस्तू मी हौसेने, सणासुदीला, आईची आठवण म्हणून हातात घालते तीच भित्रेपणाची खूण कशी! मलाही उत्तर सुचले नाही. कारण आठवडाभरापूर्वीच फुटबॉलच्या मैदानावरून रडत आलेल्या माझ्या थोरल्या मुलाला मी तेच वाक्य ऐकवले होते. अकरा वर्षांची धाकटी लेक तेव्हा तिथेच उभी होती. तिच्या हातातही बांगड्या होत्या.

केनाऊची गोष्ट

माझी ही पंचाईत पाहून ओमा मला दुसऱ्या दिवशी हार्लेमच्या स्टेशनसमोर घेऊन गेल्या. तिथे एका स्त्रीचा पुतळा आहे. शेजारी शहराचा सेनानी रिपेर्डा, आणि बरोबरीने ती. तिचे नाव केनाऊ सिमोन्सडॉख्तर हासेलार.

ही बाई १५२६ साली हार्लेममध्ये जन्मली. नवरा जहाजे बांधणारा. तो वारल्यावर हिने मुलांना वाढवले, धंदा चालवला, लाकडाचा व्यापार केला. १५७२ च्या डिसेंबरात स्पेनच्या फौजेने हार्लेमला वेढा दिला. सात महिने शहर झुंजले. तटबंदीला भगदाडे पडत होती आणि ती बुजवायला माणसांची ओझी वाहणारी रांग लागत होती. त्या रांगेत केनाऊ होती. पुढे लोकांनी तिला तीनशे बायकांच्या पलटणीची सरदारीण बनवले. इतिहासकार त्या पलटणीला दंतकथा मानतात, पण तटावर माती वाहणारी धीट विधवा ही काही दंतकथा नव्हे. १५७३ च्या जुलैत उपासमारीने शहर पडले. केनाऊ मात्र बचावली. नंतरही तिने व्यापार सोडला नाही आणि आपल्या येण्यासाठी भांडणेही सोडली नाहीत.

"मग तिचं नाव पुढे कशासाठी वापरलं गेलं असेल?" ओमांनी विचारले.

मला वाटले, शूर मुलीला केनाऊ म्हणत असतील, आपण झाशीची राणी म्हणतो तसे.

"शब्दकोश उघडून बघ."

घरी येऊन पाहिले. 'केनाऊ' : दांडगी, हुकूम गाजवणारी बाई! शहर वाचवायला उतरलेल्या बाईचे नाव त्याच देशात शिवी होऊन बसले. स्टेशनसमोर पुतळा आणि शब्दकोशात शिवी, दोन्ही एकाच बाईच्या वाट्याला!

राण्यांच्या राज्यात

आता कोणी म्हणेल, म्हणींना एवढे काय मनावर घ्यायचे? म्हणी म्हणजे गंमत. खरा कारभार कायद्याने चालतो. ठीक आहे, कायद्याचे पाहू.

हॉलंडात १८९० पासून २०१३ पर्यंत, म्हणजे एकशेतेवीस वर्षांहून अधिक काळ, गादीवर ओळीने तीन राण्या होऊन गेल्या : विल्हेल्मिना, युलियाना, बिआट्रिक्स. ज्या देशाची सही राणी करते, त्या देशात बाईच्या सहीला किती मान असेल, असे तुम्हालाही वाटेल. प्रत्यक्षात १८३८ च्या दिवाणी कायद्याप्रमाणे बायकोने नवऱ्याच्या आज्ञेत राहणे हे तिचे कर्तव्य होते, आणि करार करण्यास असमर्थ माणसांच्या यादीत अज्ञान मुलांच्या पंक्तीला विवाहित स्त्री बसवलेली होती.

आलेटा याकोब्स या त्या देशातल्या पहिल्या स्त्री डॉक्टर. १८८३ साली त्यांनी अर्ज केला, की मी कर भरते, कायद्यात मतदार पुरुषच असावा असे कुठे लिहिलेले नाही, तेव्हा माझे नाव यादीत घाला. अर्ज फेटाळला गेला. एवढ्यावर थांबले नाही. १८८७ साली राज्यघटना दुरुस्त झाली तेव्हा मतदाराच्या व्याख्येत 'पुरुष' हा शब्द मुद्दाम घातला गेला. एका बाईने शब्दात फट शोधली, तर त्यांनी शब्द घालून ती बुजवली! मताचा हक्क अखेर १९१९ साली मिळाला.

नोकरीचे तेच. सरकारी नोकरीतल्या बाईचे लग्न झाले की तिला घरी पाठवायचे, असा नियम होता. कॉरी टेन्डेलो या खासदार बाईंनी १९५५ साली त्याविरुद्ध ठराव आणला. तो मंजूर झाला, पण कसा? ४६ विरुद्ध ४४ मतांनी. दोन मतांच्या काठावर हजारो बायकांची भाकरी तोलली गेली. विवाहित स्त्रीला स्वतःच्या सहीने व्यवहार करण्याचा अधिकार देणारा कायदा १ जानेवारी १९५७ पासून अमलात आला. टेन्डेलो बाई त्याआधी अडीच महिनेच, १९५६ च्या ऑक्टोबरात, वारल्या होत्या. आणि 'नवरा हा कुटुंबाचा प्रमुख' हे कलम तर १९७० साल उजाडेपर्यंत कायद्यात होते.

ओमांना हा इतिहास पाठ करावा लागला नाही. त्यांच्या आईने हप्त्यांवर शिवणाचे यंत्र घ्यायचे ठरवले तेव्हा दुकानदाराने कागद पुढे सरकवून विचारले होते, "यजमानांची सही?" यंत्र आईचे, शिवण आईचे, हप्ते शिवणाच्या पैशांतून; सही मात्र वडिलांची. ओमा स्वतः अठराव्या वर्षी एका कचेरीत टंकलेखिका झाल्या. १९६१ साली लग्न ठरले. तोवर सरकारी नियम गेला होता, पण रिवाज थोडाच जातो? कचेरीने कॉफीच्या सहा कपांचा संच भेट दिला आणि निरोप दिला. त्यांतले चार कप अजून आहेत. मी त्यांच्याकडे कॉफी पिते ती त्यांतूनच.

१९७० च्या जानेवारीत अॅमस्टरडॅममध्ये काही तरुण मुलींनी विल्हेल्मिना ड्रुकर या जुन्या स्त्री-पुढारी बाईंच्या पुतळ्यासमोर एक कंचुकी जाळली. ड्रुकरबाईंच्या नावावरून त्यांनी आपल्या गटाचे नाव ठेवले 'डोल्ले मिना', म्हणजे वेडी मिना. रस्त्यात उभ्या राहून त्या पुरुषांना शिट्या मारीत. सार्वजनिक मुताऱ्यांना त्यांनी गुलाबी फिती बांधल्या, कारण तशी सोय शहरात फक्त पुरुषांना होती. कोणी वेडी म्हणण्याची वाटच त्यांनी पाहिली नाही. शिवी आधीच उचलली आणि तिचे निशाण केले. केनाऊच्या नावाची शिवी झाली होती. मिनाच्या शिवीचे नाव झाले.

"तुम्ही गेला होता त्यांच्यात?" मी विचारले.

"मी दूरदर्शनवर पाहिलं," ओमा म्हणाल्या. "आमचे हे हसले. म्हणून मीही हसले."

वाढदिवसाचे वर्तुळ

डच लोकांचा वाढदिवस हा पाहण्यासारखा समारंभ असतो. दिवाणखान्यात खुर्च्यांचे वर्तुळ मांडायचे, आलेल्याने प्रत्येकाशी हस्तांदोलन करून प्रत्येकाचे अभिनंदन करायचे, मग कॉफी आणि केकचा एक तुकडा. एकच. दुसरा मागायचा नसतो, हे मी अनुभवाने शिकले.

ओमांच्या पंच्याऐंशीव्या वाढदिवसाला आम्ही सगळे त्या वर्तुळात बसलो होतो. त्यांचा मुलगा, साठीचा, प्रेमळ माणूस. दर रविवारी आईकडे येतो, बागेतले गवत कापतो. मी पहिल्या परीक्षेत नापास झाल्याचे त्याला कळले होते. केकचा तुकडा माझ्या हाती देत तो हसत म्हणाला, "काही वाईट वाटून घेऊ नका. 'व्राऊ आख्तर हेत स्त्यूर'…"

वर्तुळातल्या चारपाच जणांनी उरलेली ओळ एकसुरात पुरी केली. सगळे हसले. मीही ओठ विलग केले.

तेवढ्यात ओमांनी कप बशीत ठेवला. मोठा आवाज नाही, काही नाही. म्हणाल्या, "पन्नास वर्षं मी या ओळीला हसले. आता पुरे."

आपल्याकडे असे काही झाले असते तर दोन माणसे समजूत घालायला उठली असती आणि तिसऱ्याने विषय बदलला असता. तिथे नुसती शांतता पसरली. कोणी म्हणाले नाही, की बाई, ही तर गंमत. कारण बोलणारी बाई हायबाय नव्हती, केनाऊ नव्हती, दातांवर केस असलेली नव्हती. ती त्यांची आई होती.

लोक गेल्यावर मी कप विसळू लागले. तेव्हा ओमांनी ते वर्षभर राखून ठेवलेले सांगितले. १९६८ साली घरखर्चातून पैसे वाचवून त्यांनी मोटार शिकायला सुरुवात केली होती. चार धडे झाले. चौथ्या धड्यानंतर घरी यजमानांचे मित्र जेवायला आले होते. यजमानांनी ती ओळ म्हटली, मित्र हसले, ओमाही हसल्या. पाचव्या धड्याला त्या गेल्या नाहीत. कोणी 'जाऊ नको' म्हटले नव्हते. तसे म्हटले असते तर कदाचित त्या गेल्याही असत्या!

"वाईट नव्हता गं तो," त्या म्हणाल्या. "म्हणेन तिथे नेत असे मला. मात्र कुठे जायचं ते मी सांगायचं, आणि केव्हा जायचं ते त्याने ठरवायचं. तो गेला आणि दोन्ही संपलं."

त्यांची थोरली बहीण फ्रीसलंड प्रांतातल्या एका खेड्यात राहते. वय नव्वद. आगगाडीने जायचे तर अॅमस्टरडॅमहून मोठा वळसा घालायचा, गाड्या बदलायच्या, आणि पुढे बस मिळेल तेव्हा खरी. यजमानांच्या माघारी त्या बहिणीला तीनदाच भेटल्या होत्या. हस्तलिखित पत्रे मात्र दर पंधरवड्याला जात.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मला वाटे, कायदा बायकांना अडवतो. पण कायद्याशी भांडता येते. त्याला कलम असते, तारीख असते, ठराव मांडता येतो, दोन मतांनी का होईना तो हरवता येतो. म्हणीला यातले काही नसते. ती हुकूम करीत नाही, नुसती हसवते. हसणाऱ्याला वाटते, आपण काहीच केले नाही. आणि हसवून घेतलेली बाई आपल्या पायांनी घरी बसते.

बत्तीस किलोमीटरची भिंत

२०२४ च्या वसंतात मी दुसऱ्या खेपेला परीक्षा पास झाले. पेढे हार्लेममध्ये कुठले? घरीच दुधाच्या पावडरीचे केले. पहिला पेढा देवापुढे ठेवला, दुसरा ओमांना नेऊन दिला आणि विचारले, "ओमा, कुठे जायचं?"

"फ्रीसलंडला."

"केव्हा?"

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. हा प्रश्न त्यांना कोणी फारसा विचारला नसावा. मग म्हणाल्या, "उद्या."

हार्लेमहून उत्तरेला जाऊन फ्रीसलंड गाठायचे तर समुद्रात घातलेल्या बांधावरून जावे लागते. बत्तीस किलोमीटर लांबीचा हा बांध १९३२ साली पुरा झाला आणि आतला समुद्र गोड्या पाण्याचे सरोवर झाला. रस्ता सरोवराच्या अंगाने जातो. उजव्या हाताला पाणीच पाणी, आणि डाव्या हाताला समुद्राला अडवून धरणारी बांधाची उंच भिंत. मागच्या बाकावर माझी लेक होती. ओमा शेजारी, मांडीवर बहिणीसाठी घेतलेला केक. माझे तळहात घामाने ओले झाले होते, हे कबूल करते. वारा गाडीला बाजूने ढकलत होता. बांधावर, जिथे १९३२ च्या मे महिन्यात शेवटची फट बुजवली, तिथला मनोरा मागे पडला.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग ओमा डावीकडे पाहत म्हणाल्या, "केवढी लांब ही भिंत! आणि बघ, कशी स्वच्छ आहे."

मला कळायला क्षणभर लागला. मग अशी हसू आले की वेग कमी करावा लागला. लेकीने मागून विचारले, "आई, काय झालं?" मी तिला ती म्हण सांगितली नाही. तिला ती कळेलच कुठेतरी, शाळेत, रस्त्यात, वाढदिवसाच्या वर्तुळात. पण माझ्या तोंडून कळायला नको.

खेड्यात पोचलो तेव्हा बहीण दारातच उभी होती. दोघी म्हाताऱ्या किती तरी वेळ एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या. मग बहिणीने गाडीकडे पाहून विचारले, "कोणी आणलं?"

"हिने," ओमा म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी मानेत्ये उभा केल्याचे काही म्हटले नाही. नुसते 'हिने' म्हणाल्या.

हॉलंड आता पुष्कळ बदलले आहे, हे सांगितलेच पाहिजे. बाप मुलांना सायकलवरून शाळेत पोचवताना दिसतात. आठवड्यातला एक दिवस नोकरीला सुट्टी घेऊन मुले सांभाळतात. त्या दिवसाला 'पापादाख', बाबांचा वार, असे लाडके नाव आहे. उरलेले वार कोणाचे, ते मात्र शब्दकोशाने सांगायची गरज नाही. तिथल्या नोकरदार बायकांपैकी निम्म्याहून अधिक अजून अर्धवेळच काम करतात. २०१९ साली तिथल्या राष्ट्रीय पुस्तक-सप्ताहाचा विषय होता 'द मूडर द व्राऊ', म्हणजे 'आई, स्त्री'. मार्टिनस नेइहॉफ या कवीच्या १९३४ सालच्या नामांकित कवितेचे ते शीर्षक. या विषयावर सप्ताहाचे भेट-पुस्तक आणि निबंध लिहायला बोलावले कोणाला? दोन पुरुषांना! त्यावर बराच गदारोळ उठला. पन्नास वर्षांपूर्वी तो उठला नसता, एवढा फरक झाला आहे.

आणि आमच्या घरात? थोरला मुलगा परवा पुन्हा मैदानावरून रडवेला आला. जुने वाक्य जिभेच्या टोकावर आले होते. लेक माझ्याकडे पाहत होती. मी वाक्य गिळले आणि विचारले, "लागलं का रे कुठे?" लागले होते, चांगलेच. पहिल्या खेपेस मी ते विचारलेच नव्हते.

या दिवाळीत तुमच्या घरीही चार माणसे फराळाला जमतील. चिवड्याची बशी फिरेल, कोणी तरी एखादी जुनी म्हण सोडेल आणि सगळे हसतील. त्या वेळी भांडायला उठा, असे मी सांगत नाही. सणाच्या दिवशी घरात वाद नको. फक्त तुमच्या शेजारी बसलेली कोणी बाई हसते आहे का, तेवढे पाहा. हसत असेल, तर ती कशाला हसते आहे, हेही पाहा. आणि जमले तर त्या एका वेळी स्वतः हसू नका. पुष्कळदा तेवढ्यानेही एखादीचा पाचवा धडा चुकायचा वाचेल.